सायकल मागच्या चाकावर पेलायला शिकताना

आमच्या सोसायटीतली मुलं व्हीली, म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून सायकल चालवणं, शिकायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, पुढचं चाक उचलायचं कसं?" मी उलट विचारतो, "तुझा मागचा ब्रेक कुठल्या हाताला आहे?" बऱ्याच जणांना खाली बघून सांगावं लागतं. शिकवणी तिथूनच सुरू होते.

चाक उचलणं फारसं कठीण नाही. गियर बरोबर असला, पायडलवर जोर नेमक्या क्षणी पडला आणि खांदे मागे गेले की चाक वर येतंच. कठीण आहे ते वर टिकवणं. त्यासाठी तोल जिथे असतो तिथपर्यंत मागे जावं लागतं, आणि ती जागा नवख्याला वाटते त्याहून बरीच मागे असते. पाठीवर आपटू या धास्तीनं अंग तिथे जायला तयार होत नाही. ही धास्ती मनाला समजावून जात नाही. मागचा ब्रेक दाबला की चाक खाली येतंच, हे हातानं पुन्हा पुन्हा अनुभवलं की ती आपोआप ओसरते. म्हणून इथे आधी उतरणं आहे, उचलणं नंतर.

हे सगळं पायडलच्या सायकलपुरतं आहे. मोटरसायकलवर यातलं काहीही करून पाहू नका.

तोल नेमका कुठे असतो

सीटवर बसल्यावर तुमचं आणि सायकलचं मिळून जे वजन होतं, त्याचा मध्य मागच्या चाकाच्या पुढे असतो. पुढचं चाक वर जातं तसा हा मध्य मागे सरकतो. मागचा टायर जमिनीला जिथे टेकतो, बरोबर त्या जागेच्या वर तो आला की सायकल क्षणभर हलकी वाटते. हात ओढत नाहीत, पाय रेटत नाहीत. तोल म्हणतात तो हाच.

इथे कुणी स्थिर राहू शकत नाही. तळहातावर काठी उभी धरताना हात सतत पुढेमागे करावा लागतो, तसंच मागचं चाक तुमच्या खाली पुढेमागे करत राहायचं असतं. पायडल मारलं की चाक तुमच्या खालून पुढे पळतं आणि पुढचा भाग वर जातो. मागचा ब्रेक लागला की चाक मागे राहतं, अंग पुढे येतं आणि पुढचा भाग खाली येतो. पुढे झुकायला लागलात तर पायडल, मागे जायला लागलात तर ब्रेक. पट्टीचे सायकलस्वार लांबच लांब व्हीली मारतात तेव्हा हेच करत असतात, फक्त इतक्या बारीक प्रमाणात की बघणाऱ्याला कळत नाही.

सायकलची तयारी

सव्वीस किंवा साडेसत्तावीस इंची चाकांची, पुढे शॉकअप असलेली साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, शिकायला उत्तम. दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकली दिसायला दणकट असतात, पण पायडलचा जोर मागच्या स्प्रिंगमध्येच जिरतो, त्या टाळा. बिनगियरच्या उभ्या दांड्याच्या सायकलीवर पहिला रेटाच फार जड जातो, त्यावरही सुरुवात करू नका.

गियर हा निम्मा मामला आहे. फार हलका असेल तर चाक झटक्यात वर येतं आणि पाय फिरवून फिरवून थकतात. फार जड असेल तर वर येतच नाही आणि माणूस हातांनी ओढू लागतो. आपल्याकडच्या २१ गियरच्या बऱ्याच सायकलींना पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं असतात. पुढे मधलं चक्र आणि मागे मोठ्याकडून दुसरं, साधारण २४ दात्यांचं, अशी जोडी लावा. ३४ भागिले २४ म्हणजे जवळपास १.४. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल तीन मीटरच्या जरा आत पुढे जाते. सेकंदाला एक फेरी मारली तर वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येतो. सावकाश धावणाऱ्या माणसाइतका, आणि गरज पडली तर पाय टेकून उतरता येण्याजोगा. शिकायला हाच वेग हवा.

आता ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा आणि डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, पण सगळ्यांना नाही, आणि दुकानात वायर बदलताना उलटसुलट झालेलीही सापडते. मागचं चाक उचलून फिरवा आणि एकेक दांडी दाबून बघा. मागच्या ब्रेकची दांडी एका बोटाने, फार तर दोन बोटांनी, सहज दाबता यायला हवी आणि थोड्या दाबालाच चाक धरायला हवं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत ब्रेकची वायर आतून गंजते. दांडी दाबली की जड लागते आणि सोडल्यावर सावकाश परत येते. अशी वायर तेल टाकून वापरत बसू नका, बाहेरच्या नळीसकट बदलून घ्या. काळबादेवीच्या सायकल बाजारापर्यंत जायचीही गरज नाही, नाक्यावरचा सायकलवाला हे काम उभ्या उभ्या करून देतो. ज्या एका गोष्टीवर तुमची पाठ आणि डोकं अवलंबून आहे तिथे काटकसर नको.

पुढच्या चाकाचे नट किंवा क्विक रिलीज (चाक हाताने सोडवायची छोटी दांडी) घट्ट आहे का हे दर वेळी बघा. चाक हवेत असताना सैल एक्सल, म्हणजे चाकाचा आस, निसटला तर खाली येताना काय होईल ते सांगायला नको. हँडलचे बोल्ट तपासा. जोरात पायडल मारल्यावर चेन घसरते का तेही बघा. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, दाते झिजलेले असले तर ऐन रेट्याच्या क्षणी पाय मोकळा सुटतो. मागचं कॅरिअर, बाटली आणि स्टँड काढून ठेवा.

सीट नेहमीपेक्षा तीनचार बोटं खाली घ्या. मागच्या टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, म्हणजे जमिनीवरची पकड रुंदावते आणि बाजूचा तोल जरा सोपा जातो. पायडल सपाट हवं. पाय अडकवणाऱ्या पट्ट्या किंवा क्लिप अजिबात नको. तळ पातळ आणि पकड घेणारा असे बूट घाला. चपलेवर शिकू नका. हेल्मेट तर हवंच, सोबत हातमोजे, आणि सुरुवातीला कोपर आणि गुडघ्यांचे पॅड. मागे उतरताना माणूस हात टेकतो, त्यामुळे तळहात सर्वांत आधी सोलतात.

जागा शोधणं

खरं सांगायचं तर मुंबईत व्हीलीपेक्षा व्हीलीसाठी जागा मिळवणं जास्त कठीण आहे. तीसचाळीस मीटर लांब, पाचसहा मीटर रुंद, किंचित चढाची जमीन हवी. चढामुळे वेग आपोआप आटोक्यात राहतो आणि चाक लवकर वर येतं. जमीन आखूड गवताची असली तर सर्वांत चांगलं, नाहीतर घट्ट माती.

रस्ता हा पर्याय नाही. मरीन ड्राइव्ह, कार्टर रोड, बीकेसी इथे गर्दीतून व्हीली मारत जाणारी मुलं दिसतात. त्यांचं कौशल्य खरं असतं, पण समोरून येणाऱ्या बसच्या चालकाला ते दिसत नाही आणि पुढचं चाक वर असताना तुम्हालाही झटकन वळता येत नाही. कायद्याचंही लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार सार्वजनिक रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आरे कॉलनीतले झाडीतले रस्ते मोहात पाडतात, पण तेही वाहते रस्तेच आहेत. रविवारी सकाळी फोर्टात शुकशुकाट असतो, तिथेही हेच.

शिवाजी पार्क, ओव्हल, आझाद मैदान ही क्रिकेटची मैदानं आहेत आणि तिथल्या खेळपट्ट्या माणसांनी मेहनतीने राखलेल्या असतात. त्यांवरून सायकल नेऊ नका. त्यापेक्षा कॉलनीचं मैदान, शाळेचं पटांगण, सोसायटीचं मोकळं आवार बघा, आणि विचारून घ्या. सेक्रेटरींना आधी भेटून "सकाळी साडेसहा ते सात, हेल्मेट घालून, गाड्यांपासून लांब" एवढं सांगितलं तर बरेचदा होकार मिळतो. न सांगता सुरू केलंत तर तिसऱ्या दिवशी वॉचमन हटकणार आणि मग कायमचीच बंदी.

पेव्हर ब्लॉक कोरडे असले तर चालतात. पावसाळ्यात त्यांवर हिरवट शेवाळ धरतं, तेव्हा तिथे सरावाचा विचारही करू नका. मागचं चाक बाजूला निसटलं की सावरायला वेळच मिळत नाही. रिमवर लागणारे ब्रेक ओले झाले की उशिरा धरतात, हेही पावसाळ्यात सराव थांबवायचं कारण आहे. छपराखालचं पोडियम पार्किंग कोरडं असतं, पण खांबांच्या मधून व्हीली शिकायची नसते.

ओहोटीला जुहूची ओली घट्ट वाळू बघून हात शिवशिवतात. माझं मत, जाऊ नये. माणसं असतात, मुलं धावत येतात, आणि खारं पाणी चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरलं की थोड्याच दिवसांत सायकल कुरकुरू लागते.

वेळ सकाळची. मुंबईत सकाळी वारा पडलेला असतो. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारभर वाढतो. समोरून आलेला वारा उचललेल्या सायकलीला मागे ढकलतो, बाजूने आलेला हँडल फिरवतो. शिवाय दमट उकाड्यात घामाने हात घसरतात. अर्धा तास पुरे. व्हीलीचा ताण कंबरेवर आणि मनगटांवर येतो, आणि थकलेलं बोट ब्रेकवर उशिरा पोचतं.

पहिली पायरी: बोट ब्रेकवर

चाक न उचलता सुरू करा. चालण्याच्या वेगाने सायकल चालवा, मागच्या ब्रेकवर एक बोट ठेवा आणि पायडल मारता मारता तो हलकेच दाबा. पूर्ण थांबायचं नाही, फक्त वेग किंचित ओढला जाईल इतकंच. पायडल चालू, ब्रेकही घासतोय, ही सवय विचित्र वाटते, कारण लहानपणापासून आपण एक करताना दुसरं सोडत आलो. इथे दोन्ही एकत्र लागतात. पुढच्या ब्रेकवर बोट ठेवूच नका. चाक खाली टेकताना पुढचा ब्रेक दाबलेला असला तर तुम्ही हँडलवरून पुढे जाल.

दुसरी पायरी: मागून उतरणं

गवतावर करा. सायकल उभी करून सीटच्या मागे या, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर. हँडल स्वतःकडे ओढून सायकल मागच्या चाकावर उभी करा आणि तशीच चालवत दहावीस पावलं फिरा. सायकल कुठे जड लागते, कुठे हलकी होते, हे हातांना इथेच कळतं. चालताना मागचा ब्रेक दाबा आणि पुढचा भाग खाली पडतो ते बघा.

मग सीटवर बसून अगदी हळू वेगात एक जोराचं पायडल मारा, मुद्दाम जास्त मागे जा आणि पाय पायडलवरून सोडून सायकलच्या मागे जमिनीवर उतरा. हँडल सोडू नका. सायकल तुमच्यासमोर उभी राहील, तुम्ही तिच्या मागे. सुरुवातीला दोन पावलं मागे धावावी लागतात. हे इतकं करा की कंटाळा येईल. मागून उतरणं ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याला पाठीवर पडायची वेळ क्वचितच येते.

तिसरी पायरी: उचलणं आणि लगेच आणणं

आता चाक उचलायचं. चालण्याच्या वेगात या. जो पाय जोरात चालतो तो वर आणा. पायडल अगदी वर असताना नव्हे, तर माथा ओलांडून जरासं पुढे आल्यावर, घड्याळात एक-दीड वाजल्याच्या जागी, रेटा द्यायचा असतो. त्याआधी क्षणभर छाती हँडलकडे झुकवा, कोपरं वाकवा. मग एकाच वेळी पायडल दाबा आणि खांदे मागे टाका, हात सरळ होईपर्यंत. पार्श्वभाग सीटच्या मागच्या कडेवर. नजर दहा मीटर पुढे, चाकावर नाही.

हातांनी ओढायचं नाही. हात फक्त दोर आहेत, खांदे मागे गेले की ते ताणले जातात. हातांनी ओढणाऱ्याचा एक हात नेहमी दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतो आणि सायकल त्या बाजूला कलते. नवख्यांचं बाजूला जाणं बहुतेकदा इथूनच सुरू होतं.

चाक वर आलं की लगेच मागचा ब्रेक दाबून खाली आणा. टिकवायचा प्रयत्न करू नका. वर, ब्रेक, खाली. चाक सरळ ठेवून टेकवा. हँडल वळलेलं असताना टेकलं तर जोराचा हिसका बसतो. पुन्हा वर, ब्रेक, खाली. इथे आठवडाभर थांबलात तरी चालेल. मुलांना हा टप्पा आवडत नाही, त्यांना लांब जायचं असतं. पण मी बघतो ते असं की इथे घाई केलेली मुलं महिनाभर दोन पायडलांवरच अडकून राहतात, आणि इथे रेंगाळलेली झपाट्याने पुढे जातात.

चौथी पायरी: तोल सापडेपर्यंत मागे

जमिनीवर एक चप्पल ठेवा. तिच्यापाशी चाक उचला आणि दुसरं पायडल मारा, मग तिसरं. जिथे खाली आलात तिथे दुसरी चप्पल. अंतर वाढवण्यासाठी जोरात पायडल मारावंसं वाटेल, कारण तोलाच्या अलीकडे असलं की सायकल सतत पुढे पडत असते आणि ती वर ठेवायला वेग वाढवावा लागतो. वेग वाढत चालला तर समजा, तुम्ही अजून पुरेसे मागे नाही. खरा तोल सापडला की वेग स्थिर होतो.

म्हणून आता ठरवून जास्त मागे जा. चाक ब्रेक दाबावाच लागेल इतकं वर आणा. तोलाच्या पलीकडे जाणं, ब्रेकनं अलीकडे येणं, पायडलनं पुन्हा पलीकडे. ब्रेक पूर्ण दाबू नका, नाहीतर चाक धपकन खाली येईल. चिमूटभर दाबा आणि सोडा. पहिल्या पायरीवर पायडलसोबत ब्रेक घासत ठेवायचा सराव केला होता तो इथे कामी येतो. पहिल्यांदा ब्रेकनं सावरून पुन्हा पायडल मारून पुढे गेलात की तुम्हाला स्वतःलाच कळेल. मुलं त्या क्षणी ओरडतात.

बाजूचा तोल

पुढेमागचं हातात आलं की हे बरंचसं आपोआप येतं. डावीकडे कलायला लागलात तर उजवा गुडघा बाहेर काढा आणि हँडल हलकेच उजवीकडे फिरवा. उजवीकडे कललात तर उलट. गुडघा आधी, हँडल नंतर. कायम एकाच बाजूला जात असाल तर सीट सरळ आहे का ते बघा, नसेल तर एक हात ओढतोय. फारच कललात तर ब्रेक दाबून खाली या.

अडलं तर

चाक वितभरच वर येतं: रेटा उशिरा पडतोय किंवा गियर जड आहे. चाक येतं पण लगेच पडतं: हात वाकलेले आहेत, खांदे पूर्ण मागे गेले नाहीत. दर पायडलाला सायकल झटके खाते: गियर हलका आहे, एक जड करा आणि पाय गोल फिरवा. दर वेळी घाबरून पायडल थांबतं: दुसऱ्या पायरीवर परत जा, त्यात कमीपणा काही नाही.

अमेरिकेच्या कर्ट ऑस्बर्नने १९९९ साली एप्रिल ते जूनमध्ये हॉलिवूडपासून ऑरलँडोपर्यंत साडेचार हजार किलोमीटरहून जास्त प्रवास व्हीलीवर केला. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. मग मी चप्पल एक पाऊल पुढे सरकवतो.

दहा पायडलं सलग जमली की वळण, मग एक हात सोडणं, मग पायडल न मारता केवळ अंग मागे टाकून चाक वर ठेवणं. हे शेवटचं वेगळंच कौशल्य आहे, त्यासाठी सीटवरून उठून मागे लोंबकळावं लागतं.

सराव सुरू झाला की दर महिन्याला मागच्या चाकाचे आरे बोटांनी दाबून बघा, कारण सगळं वजन त्यांच्यावर येतं आणि ते सैल पडतात. ढिले आरे सायकलवाल्याकडून ताणून घ्या. मागच्या ब्रेकचे रबर नेहमीपेक्षा कितीतरी लवकर झिजतात. त्यांच्या खाचा दिसेनाशा व्हायच्या आत बदला आणि नवे लावल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, कारण नवा रबर जास्त जोरात धरतो आणि बोटाचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.